माळवदाखाली

स्टॉकहोम येथे आर्तुर हाझेलियस या गृहस्थाने 1891 साली स्कान्सेन हे खुले संग्रहालय स्थापून, परगण्यापरगण्यांतील जुनी घरे उकलून आणून पुन्हा उभी केली, तेव्हापासून राहते घर हीदेखील प्रेक्षणीय वस्तू होऊ शकते ही कल्पना सुसंस्कृत जगात रूढ झाली. आपल्या जिल्ह्यात तेरला गेले म्हणजे अशी उचलाउचल न करताही तो योग साधतो. रामलिंगप्पा लामतुरे यांच्या आयुष्यभराच्या संग्रहातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय पाहून बाहेर पडावे, आणि त्याच गावात, पाठीशी चैत्यासारखी गोलाई असलेले त्रिविक्रमाचे प्राचीन विटबंदी देऊळ मूळ जागी, पूजेअर्चेसह, उभे असलेले पाहावे.

तेथून परतताना वाटेवरच्या गावांतली दगडी घरे पाहून पाहुण्याच्या तोंडून सहज उद्गार निघतो, की ही अशीच राहिली पाहिजेत. हा उद्गार रसिकतेचा खरा, परंतु तो काढणारा रात्री मुक्कामाला दुसरीकडे असतो!

माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच हात जाड असते. आतला थर व बाहेरचा थर निरनिराळे, मध्ये माती आणि खडीचा भरणा, दोहोंना बांधणारा आरपार दगड बहुधा नाहीच. वर लाकडी पाटणी आणि तीवर पांढरी माती. पावसाळ्यापूर्वी गळती थांबविण्यासाठी घरधनी तीत नवी भर घालतो, उन्हाळ्यात त्या गारव्याचे सुख भोगतो, आणि छताचे ओझे मात्र पिढ्यानुपिढ्या वाढत राहते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जन आटोपून गावे निजली असता, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी धरणी हादरली, आणि लातूर जिल्ह्यातील किल्लारीपासून आपल्याकडील सास्तूरपर्यंत याच भिंती व हीच माती निजलेल्यांवर कोसळून सात हजारांहून अधिक माणसे दगावली.

त्रिविक्रमाचे देऊळ जतन करावे, कारण त्याखाली कोणी संसार मांडलेला नाही. माळवदाचा मोह ज्यांना आवरत नाही त्यांनी एखादे खुशाल संग्रहालयात उभारावे, मात्र त्याची एक भिंत उभी कापून आतला भरणा उघडा ठेवावा, आणि शेजारी त्या पहाटेनंतरचा एखाद्या गावचा पंचनामा लावावा.