दारी न आलेली भूक

ज्येष्ठ लागला की वऱ्हाडातल्या गावांना अन्नदानाचे वेध लागतात. शेगावहून श्रीसंत गजानन महाराजांची पालखी अकोल्याच्या वाटेला लागते, कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी अमरावतीवरून पंढरीकडे निघते, आणि गावोगावच्या लहान दिंड्या आपापल्या वाटेने चालू लागतात. जिथे मुक्काम तिथे पंगत. कुठे रोडगे आणि वांग्याची भाजी, कुठे पिठलं-भाकर आणि ठेचा. ज्याच्या घरी चार माणसांपुरतेच पीठ आहे तोही दोन माउलींना हात धरून घरी नेतो. पंढरीच्या वाटेवर वारकरी उपाशी झोपला, असे सहसा घडत नाही. हे आपल्या संप्रदायाचे वैभव आहे आणि त्याचा अभिमान वाटावा असेच आहे.

पण नकाशा समोर ठेवून पाहा. अमरावती-अकोल्याहून पंढरीची वाट दक्षिणेला जाते. त्याच दिवसांत उत्तरेला, सातपुड्याच्या कुशीत, धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू वाड्यांवर कणगीतले धान्य संपत आलेले असते. होळीच्या आधी मजुरीवरून आणलेला पैसा सरलेला असतो. नवे पीक हाती यायला आश्विन उजाडतो. आषाढ, श्रावण, भाद्रपद हे मेळघाटातले सर्वांत कठीण महिने. नाले भरतात, रस्ते तुटतात, आणि अर्धपोटी लेकराला हगवण किंवा न्यूमोनिया झाला की ते तग धरत नाही. कागदावर मृत्यूचे कारण न्यूमोनिया असे लिहिले जाते. भूक त्या कागदावर येत नाही.

म्हणजे ज्या पंधरवड्यांत आपण सर्वाधिक अन्न वाढतो, त्याच पंधरवड्यांत आपल्याच जिल्ह्यातले एक लेकरू सर्वाधिक उपाशी असते, आणि आपण चालतो ती वाट त्याच्याकडे पाठ करून जाते. यात कुणाला दोष द्यायचा नाही. वारी पंढरीलाच जाणार. पण प्रश्न उरतो. दारी आलेल्याला वाढले म्हणजे अन्नाचा धर्म पुरा झाला का? जो दारी येऊच शकत नाही, त्याच्या भुकेशी माझे काय नाते?

हा प्रश्न नवा नाही. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आठवा. तुकोबाराय तेव्हा ऐन विशीत होते. दुकानाचे दिवाळे निघाले, पत्नी अन्न अन्न करीत गेली, मुलगा गेला. परंपरा सांगते की त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत सोडून दिली. आपण कीर्तनात हा प्रसंग वैराग्याचा म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण त्याची दुसरी बाजूही पाहावी. देहूच्या पंचक्रोशीतल्या ज्या कुळांची ती खते होती, त्यांच्यासाठी हे काय होते? पुढच्या सुगीचे धान्य आता सावकाराच्या नव्हे, स्वतःच्या घरात राहणार होते. तरुण तुकोबांनी त्या दिवशी कुणाला एक वेळचे जेवण वाढले नाही. जे कारण माणसाला वर्षानुवर्षे उपाशी ठेवते ते त्यांनी पाण्यात बुडवले. अन्नदानाहून हे कमी म्हणायचे की जास्त? मला तरी ते जास्त वाटते.

दामाजीपंतांची कथाही अशीच अडचणीत टाकणारी आहे. त्यांनी कोठारे उघडली, लोक वाचले. पण ते धान्य दामाजींचे नव्हते, बेदरच्या बादशहाचे होते. परक्याची वस्तू न विचारता देणे हा धर्म कसा? कथेतच याचे उत्तर आहे, आणि ते फार सूक्ष्म आहे. पांडुरंग विठू महार होऊन गेला आणि त्याने हिशेब चुकता केला. हिशेब खोटा आहे असे देव म्हणाला नाही. पण आधी पोट आणि मग हिशेब, हा क्रम त्याने स्वतः राबून पक्का केला. कोठारात धान्य आणि दाराशी भुकेला माणूस असेल तर कुलपाची किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न दुसरा ठरतो.

हा क्रम आज सातासमुद्रापार काही तरुण पोरे आपापल्या परीने मांडताना दिसतात, आणि त्यांना दामाजी ठाऊकही नाहीत. युरोप म्हटले की आपल्याला सुबत्ता आठवते. पण तिथेही भाडे आणि वीज भरून झाल्यावर ताटाला पैसा न उरणारी घरे आहेत. 2020 च्या महामारीत पॅरिसमधल्या विद्यार्थ्यांच्या हातची लहानसहान कामे गेली, तेव्हा विद्यार्थ्यांनीच एकत्र येऊन विद्यार्थ्यांसाठी अन्नवाटप सुरू केले. जर्मनीत 2012 पासून तरुणांचे गट दुकानांतले न विकलेले, पण चांगले अन्न गोळा करून वाटतात. फ्रान्सने तर 2016 मध्ये कायदाच केला की मोठ्या दुकानांनी उरलेले खाण्याजोगे अन्न नासवायचे नाही, सेवाभावी संस्थांना द्यायचे. इंग्लंडमध्ये मार्कस रॅशफर्ड नावाच्या 22 वर्षांच्या फुटबॉलपटूने जून 2020 मध्ये खासदारांना खुले पत्र लिहिले. शाळेतल्या मोफत जेवणावर तो स्वतः वाढला होता. सुटीत शाळा बंद म्हणून गरीब मुलांचे जेवणही बंद, हे त्याला मान्य नव्हते. दुसऱ्याच दिवशी सरकारने आपला निर्णय फिरवला. त्याने आपल्या पैशाने पंगत घातली असती तरी कौतुक झालेच असते. पण त्याने दान मागितले नाही, देणे मागितले.

दान आणि देणे. वऱ्हाडी माणसाला हा फरक समजवायला फार लांब जावे लागत नाही. भातकुली तालुक्यात पूर्णेच्या काठी आपले ऋणमोचन आहे, नावातच ऋण आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. त्या यात्रेत शेणगावचा डेबूजी, म्हणजे आपले गाडगेबाबा, अंध-अपंगांना जेवू घालू लागले. 1905 साली घर सोडले तेव्हा त्यांचे वय 28 वर्षांचे होते. त्याआधी 1899-1900 चा दुष्काळ वऱ्हाडाने सोसला होता. कापसाने पैसा दिला होता, पण कापूस खाता येत नाही हे त्या साली कळले. बाबा भाकर मागत, पण आधी गाव झाडत, लाकडे फोडत, मग गाडग्यात वाढून घेत. अन्न फुकट घेऊ नये असे ते वागले, आणि भुकेल्याला मात्र कामाची अट न घालता जेवू घातले. स्वतःला एक नियम, दुसऱ्याला दुसरा. पाया पडू पाहणाऱ्याला ते काठी दाखवत. वाढणाऱ्याने मोठे व्हायचे आणि जेवणाऱ्याने लहान व्हायचे, ही तऱ्हा त्यांना ठाऊकच नव्हती.

आता मेळघाटाकडे वळू. 1980 च्या दशकात, नुकतेच वैद्यकीय शिक्षण संपवलेले रवींद्र कोल्हे बैरागडला गेले, पुढे डॉ. स्मिताताईही गेल्या. औषध देता देता त्यांच्या ध्यानात आले की रोग पोटात नाही, शेतात आहे. गावकऱ्यांनी विचारले, डॉक्टर, आमची गुरे आणि पिकेही बरी करा ना. तेव्हा हा डॉक्टर अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे शेती शिकायला गेला. 2019 साली दोघांना पद्मश्री मिळाली, ते असो. मला मोठे वाटते ते हे, की भुकेचे कारण सापडल्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी व्हायला लाज मानली नाही.

1997 मध्ये तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या वाचून पुण्यातली काही मंडळी निघाली आणि 'मैत्री' ही संस्था उभी राहिली. त्यांची 'धडक मोहीम' ऐन पावसाळ्यात चालते. कुणी विद्यार्थी, कुणी नोकरदार. दहा-दहा दिवसांच्या तुकड्या करून वाडीवर राहायचे, घरोघर फिरायचे, आजारी लेकरू वेळेत ओळखायचे, साखर-मिठाचे पाणी कसे द्यायचे ते आईला दाखवायचे, गरज पडली तर दवाखान्यापर्यंत सोबत जायचे. यात डोळ्यांत भरण्यासारखे काही नाही. पंगतीचा फोटो काढता येतो, न मेलेल्या लेकराचा फोटो कसा काढणार? ते लेकरू म्हणजे अंगणात खेळणारे एक साधे पोर. पण एक तुकडी निघाली की दुसरी येते, ही कल्पना आपल्या पहाऱ्याच्या विण्यासारखी आहे. विणा खाली ठेवायचा नसतो. उभा राहणारा बदलतो.

आणि परतवाड्याजवळच्या पायविहीर गावाने तर बाहेरच्याची वाटही पाहिली नाही. वनहक्क कायद्याखाली 2012 मध्ये सुमारे 190 हेक्टर उजाड जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. गावातल्या तरुणांनी पुढाकार घेतला. झाडे लावली, राखली, सीताफळे विकली, गावातच मजुरी निर्माण केली. मजुरीसाठी गाव सोडावे लागले नाही की लेकराचे अंगणवाडीतले जेवण चुकत नाही आणि गरोदर बाईला वीटभट्टीवर राबावे लागत नाही. 2014 मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार या गावाला मिळाला. तुकोबांनी खते बुडवली, यांनी खते मिळवली. माझ्या लेखी दोन्ही कामे एकाच जातीची आहेत.

इथे आपल्यातले काही ज्येष्ठ विचारतील, आणि विचारावे, की या पोट्ट्यांच्या मुखी नाम कुठे आहे? नामाविण केलेली सेवा अहंकार वाढवते, हे खरे आहे. दहा दिवस वाडीवर राहून आलेला तरुण जन्मभर त्याचीच गोष्ट सांगत बसला तर त्याने स्वतःलाच वाढून घेतले. पण हाच चटका आपल्यालाही लागू आहे. पंगतीच्या फलकावर अन्नदात्याचे नाव किती मोठ्या अक्षरांत रंगवले जाते ते सर्वांना ठाऊक आहे. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक झाला होता. वासाने थबकलेले भुकेले लोक वेशीबाहेरचे होते. ते पितरांच्या पानावर बसले तेव्हा नाथांनी त्यांना आधी नामाबद्दल विचारले, असे कोणत्याही चरित्रात नाही. नाम ज्याने धरले त्याच्यावरच उलट जास्त भार येतो. सर्वांभूती तोच आहे असे रोज हरिपाठात म्हणणाऱ्याने बैरागडच्या बाजूला त्याचे भूत नाही, असे कसे वागावे?

दुसरी शंका अधिक खोल आहे. भूक संपली तर अन्नदानाचे पुण्य कुठून मिळवायचे? कुणी उघड विचारत नाही, पण मनाच्या तळाशी ती असते. माझ्या पुण्यासाठी कुणीतरी भुकेला राहिला पाहिजे, असा त्याचा अर्थ होतो. वारीच्या पंगतीने या शंकेला कधीच उत्तर देऊन ठेवले आहे. तिथे सधन शेतकरीही जेवतो, सरपंचही जेवतो. ती दयेची पंगत नाही, प्रेमाची आहे. भुकेला उरला नाही तरी ती चालू राहील, उलट अधिक गोड होईल. म्हणून भुकेचे मूळ खणणाऱ्या तरुणांना आपल्या पंगतीचे प्रतिस्पर्धी मानण्याचे कारण नाही.

करण्याजोगे काय, तर मोठे काही नको. आपल्या बहुतेक दिंड्या आषाढी पौर्णिमेनंतर परततात. चातुर्मास पुढे असतो. एकेका दिंडीने एखादी वाडी मनाशी धरावी. आधी धान्याची पोती घेऊन जाऊ नये. आधी दोन शहाणे तरुण आणि एक आजी जावी, आशाताई आणि अंगणवाडी सेविकेला भेटावे, कुणाच्या शिधापत्रिकेवर धान्य मिळत नाही, कुठल्या गरोदर बाईला अमृत आहार पोहोचत नाही, कुठला नाला पाऊस आला की वाट अडवतो, हे ऐकून घ्यावे. कोरकू बोली येत नसेल तर चार शब्द शिकावेत. मग जे कमी असेल ते पाहावे. बहुधा ते धान्य नसेलच. तहसीलला जाऊन अर्जाचा पाठपुरावा करणारा माणूस असेल, किंवा रात्री आजारी लेकराला घेऊन जाणारी एक गाडी. परतवाड्याहून घाट चढून धारणीची बस जाते. भाद्रपदात तिच्या खिडक्यांवर गळती असते, म्हणून एक घोंगडी सोबत ठेवावी.