हेड बसवल्यावर कोण बघतं?

गाडीचं हेड गॅस्केट गेलं की बिलाचा आकडा बघून आपण दचकतो. पार्ट त्यामानाने स्वस्त असतो, पैसे जातात ते मजुरीत. टर्बो इंजिन असेल तर टर्बोचे पाईप, मॅनिफोल्ड, टायमिंगचा पट्टा किंवा चेन असं सगळं सोडवल्याशिवाय हेड उचलताच येत नाही. आणि एवढं करून बदलायचं काय, तर ब्लॉक आणि हेड यांच्यामध्ये दबून बसलेला एक पातळ पत्रा.

हा पत्रा तीन गोष्टी एकमेकींपासून लांब ठेवतो: सिलिंडरमधल्या जळत्या वायूंचा दाब, ऑइल आणि कूलंट. टर्बो इंजिनात हवा दाबून भरलेली असते, त्यामुळे सिलिंडरमधला दाब वाढतो आणि गॅस्केटवरचा ताणही. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि ब्लॉक बिडाचा असेल, तर गरम झाल्यावर हेड ब्लॉकच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन एकदा जास्त तापलं की हेड वाकू शकतं. किती वाकलेलं चालतं? कंपनीगणिक आकडा बदलतो, पण बऱ्याचदा तो ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे केसाच्या जाडीहूनही कमी.

आता खरा प्रश्न. हे वाकणं डोळ्यांना दिसत नाही. सरळ पट्टी ठेवून, खाली फिलर गेज सरकवून ते मोजावं लागतं. वाकलेलं निघालं तर हेड फेसिंगला पाठवायचं, म्हणजे आणखी एक-दोन दिवस गेले. बऱ्याच इंजिनांत हेडचे बोल्ट आवळताना मुद्दाम ताणले जातात, म्हणून ते दुसऱ्यांदा वापरायचे नसतात. पण जुने बोल्टही दिसायला धडधाकटच असतात. जुनं गॅस्केट खरवडायला ग्राइंडरवर घासायची चकती लावली, तर तासाभराचं काम दहा मिनिटांत होतं आणि पृष्ठभाग छान चकाकतो. फक्त त्या चकतीची कणी ऑइलमध्ये जाते, आणि टर्बोचा दांडा फिरतो तो त्याच ऑइलच्या पातळ थरावर. इथे चुकीचं काम बरोबर कामापेक्षा जास्त देखणं दिसतं.

हेड बसलं, बोल्ट आवळले की सगळं झाकलं जातं. गाडी दोन्ही प्रकारे सुरू होते. मग बरोबर काम का करायचं?

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मध्ये ग्लाउकॉन एका मेंढपाळाची गोष्ट सांगतो. त्याला अदृश्य करणारी अंगठी सापडते, आणि तिच्या जोरावर तो राजाला मारून राज्य बळकावतो. ग्लाउकॉनचं म्हणणं असं, की ही अंगठी मिळाली तर कुणीच नीतीने वागणार नाही. बंद झालेलं हेड ही मेकॅनिकच्या बोटातली तशीच अंगठी आहे.

यावरचं नेहमीचं उत्तर असतं: नाव खराब होईल. पण होतंच असं नाही. सहा महिन्यांनी खंबाटकी घाटात गाडी पुन्हा तापली, तर ‘साहेब, तुम्हीच गरम असताना दामटली असेल’ एवढं म्हणणं पुरतं. जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. गिऱ्हाईकाला चांगला आणि वाईट माल ओळखता येत नसेल, तर चांगल्या मालाला त्याची किंमत मिळत नाही आणि तो बाजारातून हटतो, हे त्याचं सूत्र. २००१ च्या नोबेलमागे हेच काम होतं. गॅरेजला ते तंतोतंत लागू पडतं. फेसिंग करणाऱ्याचं, नवे बोल्ट टाकणाऱ्याचं बिल जास्त येतं. आपण दोन ठिकाणी भाव विचारतो आणि स्वस्तात करणाऱ्याकडे जातो. म्हणजे ती अंगठी आपणच त्याच्या बोटात सरकवतो.

यामुळे मेकॅनिक सुटतो का? मला तसं वाटत नाही. घाटात अडकणाऱ्या कुटुंबाला ०.०५ मिलिमीटरचं काहीच ठाऊक नसतं, त्याला असतं. ज्याला माहीत आहे त्याच्यावर जबाबदारी जास्त, मग भाव कितीही पाडून घेतलेला असो. परवडत नसेल तर ‘या पैशात होणार नाही’ असं तोंडावर सांगणं हाही प्रामाणिकपणाच. पण आपली बाजूही कोरी नाही. ‘मला माहीत नव्हतं’ ही सबब चालेल. ‘मला माहीत करून घ्यायचंच नव्हतं’ ही चालणार नाही.

पुढच्या वेळी तीन गोष्टी विचारा: हेड मोजलं का, बोल्ट नवे आहेत का, आणि इंजिन मुळात तापलं कशामुळे? पंप, रेडिएटर, थर्मोस्टॅट यांपैकी मूळ दुखणं तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही जाईल. आणि उत्तर म्हणून फेसिंगचं वेगळं बिल समोर आलं, तर ते घासाघीस न करता द्या. न दिसणाऱ्या कामाची किंमत कुणीतरी मोजल्याशिवाय ते टिकत नाही.