पहिला टाका कोणाच्या अंगावर?

शस्त्रक्रिया शिकणाऱ्याचा हात पहिल्या दिवशी थरथरतो, आणि त्यात त्याचा दोष नाही. प्रश्न इतकाच की, तो हात स्थिर होईपर्यंत कोणाचे अंग वापरायचे?

फार काळ याचे उत्तर ठरलेले होते : ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही त्याचे. बाळंतपणात झालेल्या जखमेतून लघवी सतत झिरपत राहते, त्या दुखण्यावरील शस्त्रक्रिया अमेरिकेतील अलाबामा राज्यात डॉ. मॅरियन सिम्स यांनी १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर करून करून बसवली. अनार्का नावाच्या एकीवर, भूल न देता, सुमारे ३० वेळा. पुढे त्यामुळे पुष्कळ स्त्रियांचे दुःख हलके झाले हे खरे. पण अनार्काला कोणी विचारले होते? गुलामगिरी गेली. तरी फुकट वॉर्डातला गरीब मनुष्य आपल्याकडे अजूनही पुष्कळदा शिकाऊंच्या वाट्याचा समजला जातो.

वास्तविक दुसरी वाट जुनीच आहे. सुश्रुतसंहितेत शिष्याने कोहळा, दुधी, काकडी यांवर छेद घ्यावा, कमळाच्या देठावर शीर टोचण्याचा सराव करावा, जाड कापडावर टाके घालावेत, पुतळ्यावर पट्ट्या बांधाव्यात, असे सांगितले आहे. (सुश्रुताचे नाव निघाले की काहींची छाती फुगते. पण त्याचा कोहळा आपण वापरतो का, हे कोणी विचारत नाही.) फ्रान्समध्ये मादाम द्यु कुद्रे या सुईणीने कापड, चामडे आणि कापूस यांचे गर्भाशय व बाळ शिवले, आणि १७५९ मध्ये राजाचा परवाना मिळाल्यावर ते घेऊन ती वर्षानुवर्षे गावोगावच्या बायकांना बाळंतपण शिकवीत फिरली.

आज हे काम आणखी सोपे आहे. स्पंजावर पातळ रबर ताणले की कातडी झाली. टाक्यांसाठी कोंबडीची तंगडी चालते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी पुठ्ठ्याचे खोके, त्याला दोन भोके आणि वर मोबाइलचा कॅमेरा. हत्यार डावीकडे नेले की त्याचे टोक उजवीकडे जाते. ही उलटी चाल हाताला बसेपर्यंत दाणे या वाटीतून त्या वाटीत टाकीत राहावे. म्हणूनच मला वाटते, पैसा नाही ही सबब आता कोणत्याही शिक्षणसंस्थेला उरली नाही. भाजीबाजारात मिळणाऱ्या वस्तूंवर जे शिकता येते, ते देवाच्या प्रतिरूपात निर्माण झालेल्या माणसावर शिकणे म्हणजे निष्काळजीपणा नव्हे. ते पाप आहे.

तथापि मॉडेल कण्हत नाही, आणि त्याची आई दाराबाहेर बसलेली नसते. शंभर गाठी मारलेला विद्यार्थीही एके दिवशी जिवंत माणसासमोर उभा राहणारच. टाके कोण घालणार, शेजारी कोण उभे राहणार, हे त्या माणसाला आधी सांगितले पाहिजे. त्याने नकार दिला तर उपचारात काडीचीही उणीव पडता कामा नये. सांगितले तर सगळेच नकार देतील, अशी भीती काही जण दाखवतात. मला ती पटत नाही. विश्वासाने विचारले तर गरिबातला गरीबही हात पुढे करतो. न विचारता घेतलेल्या वस्तूला काय म्हणतात, ते आपण शब्बाथ शाळेतल्या लेकरांना शिकवतोच.

हे विचारणेही मॉडेलवरच शिकवता येईल. स्पंजाची कातडी एका विद्यार्थ्याच्या दंडाला बांधून त्याला रोगी म्हणून बसवावे. दुसऱ्याने सुई उचलण्यापूर्वी आपले नाव सांगावे, काय करणार ते सांगावे, परवानगी मागावी. आणि त्या बसलेल्याला आधीच बजावून ठेवावे की, अधूनमधून ‘नको’ म्हण.