तापल्यावर काय सुटते?

बंगळुरूच्या सर्जापूर रोडवर आम्हा चार-पाच मराठी कुटुंबांचा रविवारी अभ्यासवर्ग असतो. मागे एकदा विषय होता मुक्ती. मी उत्साहाने दाखला दिला. प्रोटॉनमध्ये क्वार्क हे ग्लुऑनच्या बंधनाने जखडलेले असतात. दूर ओढून ते सुटत नाहीत. परंतु तापमान सुमारे दोन लाख कोटी अंशांवर, म्हणजे सूर्याच्या गाभ्याच्या लाखपटीहून अधिक गेले, की प्रोटॉनच विरघळतो आणि क्वार्क-ग्लुऑन मोकळे होतात. तपाच्या अग्नीत आसक्तीचे पाश असेच जळतात, असे मी म्हणालो. सर्वांनी माना डोलावल्या.

वर्गात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एक ताई येतात. त्या म्हणाल्या, "काका, पुढचे राहिले. मोकळे झालेले कण वायूसारखे, एकमेकांची फारशी दखल न घेता विखुरतील, असे पुष्कळ शास्त्रज्ञांनाही वाटत होते. अमेरिकेत ब्रुकहेवन येथे सोन्याची अणुकेंद्रे एकमेकांवर आदळवली आणि २००५ साली निष्कर्ष जाहीर झाला तो वेगळाच. तो द्रव निघाला, एकत्र वाहणारा, अंतर्गत घर्षण जवळजवळ नसलेला. पुढे सर्नच्या ॲलिस प्रयोगातही तेच दिसले. त्यात आपल्या आयआयटी मुंबईचे संशोधकही आहेत."

म्हणजे कण प्रोटॉनच्या कोंडीतून सुटले होते, एकमेकांपासून नव्हे.

मी निरुत्तर झालो, कारण दाखला माझ्या सोयीचा होता. सांगलीला थोरले बंधू अंथरुणाला खिळले आहेत. साधनेत व्यत्यय नको म्हणून मी तिकडे जाणे टाळत होतो, आणि त्याला वैराग्य म्हणत होतो.

अर्थात क्वार्कला ना आसक्ती, ना वैराग्य. वायू निघाला असता तरी माझे टाळणे योग्य ठरले नसते, आणि द्रव निघाला म्हणून ते चूक ठरत नाही. कर्तव्याचा निर्णय प्रयोगशाळेत लागत नाही. पण अर्धे शास्त्र सांगून अध्यात्माला टेकू देणे हेही असत्यच. द्रवाचा पुरावा समोर येताच त्या संशोधकांनी आपली अपेक्षा बाजूला ठेवली. स्वतःच्या मताविषयी एवढी अनासक्ती, इतकी वर्षे साधना करूनही, माझ्यात कुठे होती?

पुढच्या रविवारी मी वर्गात नव्हतो, सांगलीला होतो. दादांचे अंग पुसताना जप मोडतो, हे खरे आहे. त्याचे काय करावे, हा प्रश्न घेऊन वर्गात परत येईन.