गळणारी नळी आणि पहिलं अणुव्रत

जैन घरात फिश टँक ठेवावा का? हल्ली बऱ्याच बायका हे विचारतात. कुणी वास्तूसाठी आणतं, कुणी नातवाच्या हट्टाखातर. उत्तरही ठरलेलं असतं, "आपण मासे खात नाही, उलट त्यांना खाऊ घालतो. मग पाप कसलं?" टँक गळायला लागला की या उत्तराची परीक्षा होते.

तत्त्वार्थसूत्रात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितलेत. त्यांतला पहिला बंध, म्हणजे कोंडून ठेवणं. शेवटचा अन्नपाननिरोध, म्हणजे दाणापाणी तोडणं. मासा पेटीत आला तेव्हाच बंध घडला. पेटी गळू लागली की दुसराही दाराशी येतो, कारण माशाचं पाणी म्हणजे त्याचा श्वास. इथे कुणी हात उगारत नाही. नुसता प्रमाद पुरतो, आणि शास्त्राने हिंसेचं मूळ प्रमादातच दाखवलं आहे.

सेकंदाला एक थेंब गळाला तर दिवसाला चार लिटरहून जास्त पाणी जातं. बाहेरच्या फिल्टरची नळी निसटली तर त्याहून वाईट. ते पाणी थेंबाथेंबाने जात नाही, सायफनने ओढलं जातं आणि आतल्या नळीच्या तोंडापर्यंत टँक रिकामा होतो. त्या नळीला पाण्याच्या पातळीखाली बोटभर अंतरावर बारीक भोक ठेवलं, तर पातळी तिथवर उतरताच हवा शिरते आणि ओढ तुटते. जोडावर पांढरी खार दिसली, की तिथून पाणी झिरपतंय असं समजावं. रबरी रिंग कडक झाली असेल तर बदलावी. काचेचा सांधा गळत असेल तर वरून नवं सिलिकॉन फासून भागत नाही, ते जुन्यावर नीट धरत नाही. जुनं खरवडून, काच कोरडी करून भरावं आणि पुरतं वाळू द्यावं. बाथरूमचं बुरशीनाशक सिलिकॉन मात्र माशांना विष आहे.

दुरुस्ती चालू असताना मासे कशात ठेवायचे? इथे आपल्या आज्यांची रीत आठवते. पाणी गाळल्यावर गाळण्यातली जिवाणी त्या कुठेही झटकत नसत. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती परत जायची. प्रत्येक जिवाला त्याचं पाणी असतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. म्हणून मासे टँकमधल्याच पाण्यात ठेवावेत. फिल्टरचा स्पंजही त्याच पाण्यात भिजता ठेवावा. माशांच्या मळातलं विष पचवणारे सूक्ष्म जीव त्यात राहतात, आणि नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ते मरतात.

कंटाळा आला की काहीजणी म्हणतात, "तळ्यात सोडून देऊ, जीवदया होईल." आमच्या डभोई तालुक्यात वढवाणा तलाव आहे. बडोदा संस्थानाने 1910 मध्ये शेतीच्या पाण्यासाठी तो बांधला आणि 2021 मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यात तिथे दूरदेशीचे पक्षी येतात, आणि उन्हाळ्याआधी आपल्या मनाने उडून जातात. पण गोल्डफिश मुळातला चीनचा. वढवाणा हे त्याचं पाणी नाही. तिथे तो पक्ष्यांच्या तोंडी जाईल, नाहीतर वाढून तिथल्याच जिवांचं अन्न हिरावेल. आपली सुटका होईल, त्याची नाही.

म्हणून मला वाटतं, बायांनो, नवे मासे आणूच नयेत. नातू रुसेल, दोन दिवसांनी हसेल. पण जे घरात आहेत, त्यांचं पाणी आपण तोडलेलं आहे, तेव्हा ते आपल्यालाच पुरवायचं आहे, शेवटपर्यंत. गळती प्लंबरच्या सवडीवर सोडायची गोष्ट नाही, ती आपल्या व्रतात येते. रोज संध्याकाळी, चौविहाराआधी, टँकखाली आणि नळ्यांच्या जोडांवरून कोरडा हात फिरवावा. विजेची वायर बोर्डात जाण्याआधी खाली झोळासारखी लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळ बोर्डात शिरत नाही. आणि पालिताण्याला निघताना शेजारणीला नुसती किल्ली देऊ नये. घरात बोलावून कुठला कॉक बंद करायचा, तोही तिच्या हाताने एकदा फिरवून घ्यावा.