उषस्तीचं पाणी

डेबियन ही लिनक्सची जुनी, १९९३ सालची शाखा. ती लॅपटॉपवर चढवायला घेतली की २०२३ पर्यंत हमखास एक पडदा आडवा यायचा. तुमच्या यंत्रातल्या या भागाला लागणारं फर्मवेअर मुक्त नाही, म्हणून आमच्यापाशी नाही. पेन ड्राइव्हवर किंवा फ्लॉपीवर असेल तर घाला. फ्लॉपी! ज्या पोरांचे लॅपटॉप माझ्याकडे येतात त्यांनी ती जन्मात पाहिलेली नाही. आणि 'हा भाग' म्हणजे बहुतेक वेळा वायफायची चिप. इंटरनेट हवं तर फर्मवेअर आणा, फर्मवेअर आणायचं तर इंटरनेट हवं. पूर्वी तारेनं भागायचं, पण पातळ लॅपटॉपांच्या कडेवरून तारेची खोबणीच गेली.

मी वाईची. कॉलेजात संस्कृत शिकवलं, त्यातही मीमांसा आणि धर्मशास्त्र जास्त. निवृत्तीनंतर गल्लीतल्या मुलांच्या सेकंडहँड लॅपटॉपांवर लिनक्स घालून देते. लोकांना या दोन उद्योगांत संबंध दिसत नाही. मला तर कधीकधी दुसरं काही दिसतच नाही. कोणती शाखा खरी, कोणती बाटलेली, यावर लिनक्सवाले ज्या तिडिकेनं भांडतात ती तिडीक मी पोथ्यांमधून चांगली ओळखते. त्यातली बरीच भांडणं फुकटची असतात. पण फर्मवेअरचं भांडण खरं आहे.

फर्मवेअर म्हणजे चिपच्या आत चालणारा प्रोग्राम. त्याचा सोर्स कोड कंपनी दाखवत नाही, बदलू देत नाही. डेबियननं १९९७ साली एक सामाजिक करार जाहीर केला, त्यात पहिलंच वचन असं की आमची प्रणाली शंभर टक्के मुक्त राहील. त्याच करारात चौथ्या कलमात म्हटलंय की वापरणारे लोक आणि मुक्त सॉफ्टवेअर हे आमचे अग्रक्रम. दोन विधी शेजारीशेजारी, आणि त्यांचा विरोध आला तर काय, ते सांगितलेलं नाही. मीमांसकाला याहून आवडता खाऊ नाही. २०११ साली आलेल्या आवृत्तीत त्यांनी लिनक्सच्या गाभ्यातून उरलंसुरलं बंदिस्त फर्मवेअरही उपसून बाहेर काढलं. वचन पाळलं गेलं. वायफाय मात्र आमच्या गल्लीत बंद पडलं.

यावर एक तोडगा जगभर चालायचा. अँड्रॉइड फोन केबलनं लॅपटॉपला जोडायचा, फोनमध्ये यूएसबी टेथरिंग चालू करायचं. लॅपटॉपला वाटतं तारच आली. उत्तम चालतं, आजही मी सांगते. पण त्या फोनचा मोडेम, त्याचं वायफाय, सगळं आतून बंदिस्त फर्मवेअरवरच चालतं. म्हणजे डेबियनची शुद्धी दुसऱ्याच्या ओवळ्यावर उभी. आणि ज्या पोरीकडे तसा फोन नाही, घरात दुसरा संगणक नाही, ती तिथेच अडकते आणि विंडोजकडे परत जाते. व्रत एकाचं, उपास दुसऱ्याला.

डेबियनहून कडक लोक आहेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये स्थापलेलं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन डेबियनला आपल्या मान्य यादीत घेत नाही. ट्रिस्क्वेल, पॅराबोला अशा शाखांना घेतं. लिनक्स-लिब्रे हा गाभा तर बंदिस्त फर्मवेअरच्या फाइलींची नावंसुद्धा पुसतो आणि त्या जागी 'डीब्लॉब्ड' एवढंच ठेवतो. नाव घेणंही नको. पण याच लोकांचा एक नियम असाही आहे की तेच फर्मवेअर कारखान्यातच चिपमध्ये कायमचं कोरलेलं असेल, कुणालाच बदलता येत नसेल, तर हरकत नाही. ते मग यंत्राचाच भाग, तारांसारखं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमची आजी आठवली. नळाचं पाणी ती देवाला वापरायची नाही, कारण नळात चामड्याचा वायसर. कृष्णेचं पाणी घाटावरून आणायचं. पण ज्या मळ्यातली भाजी घरात यायची तिथे मोट चामड्याचीच होती, आणि त्याबद्दल आजीनं कधी चकार शब्द काढला नाही. वायसर तिच्या हाताशी होता, मोट नव्हती.

तरी फाउंडेशनच्या नियमाला सोवळं म्हणून हसणं अन्यायाचं होईल. त्यांचा मुद्दा शिवाशिवीचा नाही, सत्तेचा आहे. कोरलेला प्रोग्राम कंपनीलाही बदलता येत नाही. तिथे ती आणि मी समान. जो बदलता येतो, पण फक्त तिलाच, तिथे ती मालक आणि मी कूळ. युक्तिवाद सरळ आहे, आणि वायफायच्या चिपपुरता मला तो खोडता येत नाही.

तो अडतो मायक्रोकोडपाशी, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या फर्मवेअरपाशी. इंटेल, एएमडीच्या प्रोसेसरमध्ये कारखान्यातूनच बंदिस्त मायक्रोकोड भरलेला असतो. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन ही भोकं जाहीर झाली, आणि त्यांतली काही बुजवायला कंपन्यांनी नवा मायक्रोकोड दिला. तोही बंदिस्त. कडक नियमाप्रमाणे तो घ्यायचा नाही. मग काय उरतं? तोच कंपनीचा, तसाच बंदिस्त, फक्त जुना आणि भोकांसकट. नकारानं सत्ता तसूभरही माझ्याकडे आली नाही. त्याग करताना काहीतरी हातून सुटावं लागतं. इथे सुटलं ते फक्त संरक्षण.

छांदोग्य उपनिषदात उषस्ती चाक्रायणाची गोष्ट आहे. कुरुदेशात पिकं झोडपली गेली, दुष्काळ पडला. उषस्ती तरुण बायकोसह हत्तीवाल्यांच्या गावात येऊन राहिला. एक माहूत हलके, निकृष्ट उडीद खात बसला होता. उषस्तीनं त्यातलेच मागितले. माहूत म्हणाला, पुढ्यात आहेत याखेरीज माझ्याकडे काही नाही. तेच दे, म्हणाला उषस्ती. खाल्ले. मग माहुतानं पाणी पुढे केलं, तर हा नको म्हणाला, ते उष्टं होईल. आणि उडीद उष्टे नव्हते? ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, उषस्ती म्हणाला. पाणी मला हवं तिथे मिळेल.

ब्रह्मसूत्रांच्या परंपरेत ही गोष्ट अन्नाचे नियम कधी सैल होतात याचा दाखला म्हणून चर्चेला येते. वर्गात मुलं हसायची, ढोंगी आहे म्हणायची. मला तो कधीच ढोंगी वाटला नाही. ढोंगी माणूस एक तर उडीदही नाकारल्याचं सांगेल किंवा पाणीही पिऊन वर तत्त्वज्ञान सांगेल. उषस्तीनं अपवाद भुकेएवढा कापला, ना कमी ना जास्त. आणि विचारल्यावर लपवला नाही.

२०२२ मध्ये डेबियनच्या सभासदांनी फर्मवेअरच्या प्रश्नावर मतदान घेतलं. सामाजिक करार बदलायचा तर विरोधापेक्षा तिप्पट मतं लागतात, साधं बहुमत चालत नाही. पर्याय बरेच होते: जुनंच चालू ठेवा, दोन वेगळे इन्स्टॉलर ठेवा, एकच ठेवा आणि त्यात फर्मवेअर घाला. शेवटचा निवडून आला, करारात त्यासाठी एक वाक्य वाढवलं गेलं, आणि १० जून २०२३ ला आलेल्या बाराव्या आवृत्तीत, बुकवर्ममध्ये, वायफाय पहिल्या फटक्यात लागू लागलं. मला या निर्णयात सोय आवडली, पण त्याहून त्याची शिवण आवडली. बंदिस्त फर्मवेअरसाठी त्यांनी वेगळं दालन काढलं, आणि बाकीचं बंदिस्त सॉफ्टवेअर पूर्वीच्याच 'नॉन-फ्री' दालनात, दार लोटून, राहिलं. कुणाला हे उडीदही नको असतील तर इन्स्टॉलर सुरू करताना 'फर्मवेअर=नेव्हर' एवढं लिहिलं की झालं. करारातलं वचन खोडलेलं नाही. अपवाद अपवाद म्हणूनच लिहिला आहे, वचनाच्या शेजारी, सगळ्यांना वाचता येईल असा.

वेगळा मुक्त इन्स्टॉलर ठेवायला हवा होता, असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुन्या काळी फर्मवेअर असलेला 'अनधिकृत' इन्स्टॉलर डेबियनच्याच संकेतस्थळावर एका कोपऱ्यात मिळायचा, जाणकारांना ठाऊक असायचा, नवख्याला सापडायचा नाही. अधिकृत सोवळं आणि मागच्या दारानं जेवण, हा प्रकार मला धर्मशास्त्रातही कधी मानवला नाही.

पण विरोधकांची भीती पोकळ नाही, आणि ती उषस्तीच्याच गोष्टीत आहे. वर्गात बहुतेक जण पाण्यापाशी थांबतात. गोष्ट पुढे जाते. उरलेले उडीद उषस्तीनं बायकोला दिले. तिला आधीच भिक्षा मिळाली होती, तिनं ते ठेवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी उषस्ती म्हणाला, थोडं खायला मिळालं तर थोडं धन मिळवता येईल. राजा यज्ञ करतोय, तो मला कामावर घेईल. बायकोनं ते शिळे, उष्टे उडीद पुढे केले. त्यानं खाल्ले आणि यज्ञाला गेला. काल प्राणासाठी, आज रोजगारासाठी. एका रात्रीत अपवादाची हद्द सरकली, आणि उपनिषद त्यावर एक अक्षर बोलत नाही.

ग्राफिक्सच्या चिपांत हेच घडताना दिसतं. एनव्हिडियानं मे २०२२ मध्ये आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला; लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण नव्या चिपांमध्ये ड्रायव्हरचं बरंचसं काम आता चिपवरच्या एका वेगळ्या प्रोसेसरकडे गेलंय, आणि तिथे चालणारं भलंमोठं फर्मवेअर बंदिस्तच आहे. फर्मवेअरला वाट दिली की कंपन्या सगळं गाठोडं त्याच वाटेनं आणतील, ही शंका म्हणून रास्त. उषस्तीला निदान माहूत लबाड भेटला नव्हता.

परवा समोरच्या वाड्यातली मुलगी आली. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या लॅपटॉपवर मीच बुकवर्म घातलंय. तिला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी कूडा हवं होतं, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपवर हिशेब करायची एनव्हिडियाची यंत्रणा, आणि त्याला एनव्हिडियाचा बंदिस्त ड्रायव्हर लागतो. मी म्हटलं, मुक्त ड्रायव्हर आहे की, नूव्हो, त्यावर पडदा छान दिसतो. "काकू, पडदा दिसतो, पण कूडा त्यावर चालत नाही." मी तिला उषस्तीची गोष्ट सांगितली, पाण्यापर्यंत. तिनं विचारलं, मग पुढे काय झालं? सांगणं भाग पडलं. "म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरीसाठी खाल्ले," ती म्हणाली, "मग मलाही चालतील."

मी वाद घातला. तो विद्वान होता, दुष्काळ होता, तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये यंत्रं आहेत. लॅब पाचला बंद होते, तिनं सांगितलं. भूक कुणाची किती, हे उषस्तीच्या गोष्टीत माहूत ठरवत नाही. तो फक्त विचारतो. मीही विचारलं होतं. मग सॉफ्टवेअर कोणत्या दालनांतून घ्यायचं ते जिथे लिहितात ती सोर्सेस-लिस्टची फाइल उघडून दिली, आणि 'नॉन-फ्री' हा शब्द तिनं स्वतः टाइप केला.