लेप कोणासाठी?

विकणाऱ्याने, न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपण होऊन द्यावे काय, हा वाद आपल्या स्मृतिकारांइतका जुना आहे. माझ्यापुढे तो गेल्या कार्तिकात आला, आणि तोही एका जुन्या मोटारीच्या पोटातून.

मोटार वडिलांची. १९८२ सालची मार्क फोर अँबॅसेडर. पेट्रोलची, १४८९ घनसेंटिमीटरच्या इंजिनाची. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली या गाड्या काढावयाचा थांबला, तेव्हापासून आमच्या बुऱ्हाणपुरात तिच्याकडे लोक काहीशा आदराने पाहू लागले. गोमंतकीय वाचकांना जुनी मोटार म्हटले की खाऱ्या हवेने खाल्लेला पत्रा आठवेल. आमच्याकडे तापीकाठच्या उन्हात रबर आणि पॅकिंग आधी जातात. वडील गेले, माझे गाडी चालविणे डोळ्यांमुळे सुटले, आणि ती विकावी असे ठरले.

तिच्यात एक खोड उत्पन्न झाली होती. रस्त्याने ती उत्तम धावे. परंतु थांबली की थरथरे, फुसफुस असा बारीक आवाज करी, आणि मधूनच बंद पडे. लालबागेतील आमच्या मिस्त्रीने तेलाच्या बुधलीने इंजिनाच्या एका बाजूस चार थेंब सोडले. तो आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. दोष सापडला. कार्ब्युरेटरमध्ये सिद्ध झालेले हवा-पेट्रोलचे मिश्रण ज्या फाटे फुटलेल्या नळीतून इंजिनात शिरते, तिला इनटेक मॅनिफोल्ड म्हणतात. तिच्या कानाशी केसासारखी चीर गेली होती. इंजिन आपला श्वास आत ओढते. त्या ओढीने चिरेतून बिनहिशेबी हवा आत घुसे आणि मिश्रण पातळ होई. धावताना इंजिन इतकी हवा घेते की ही उपरी हवा जाणवत नाही. स्वस्थ उभे असताना मात्र त्याचा श्वास अगदी थोडा, आणि त्यात ही चोरटी हवा फार होते. दोष धावण्यात झाकला जाई आणि थांबण्यात उघडा पडे.

मिस्त्रीने दोन रंगांच्या गोळ्या एकत्र मळून चिरेवर लेप दाबला. अर्ध्या दिवसात तो दगडासारखा झाला. थरथर गेली. मी विचारले, किती दिवस टिकेल? तो म्हणाला, "बाबूजी, दो महीने तो कुछ नहीं होगा." दोनच महिने का, तेही उघड होते. या इंजिनात ही नळी आणि जळका धूर बाहेर टाकणारी नळी एकाच बाजूस, मध्यभागी एकमेकींना जखडलेल्या असतात. धुराच्या उष्णतेने पेट्रोलची वाफ व्हावी अशी ती योजना. त्या तापाने लेप आज ना उद्या सुटणारच. वर थोडी काजळी चोळली की तो दिसतही नव्हता. काजळी मीच चोळली.

गिऱ्हाईक आमच्या देवळातलेच. भजनी मंडळात पेटी वाजविणारे गृहस्थ, वयाने माझ्याहून पुष्कळ लहान. आईचे गुडघे गेलेले. तिला इच्छापूरला देवीच्या दर्शनास, नातलगांकडे वगैरे नेण्यासाठी त्यांना ऐसपैस गाडी हवी होती. अशीरगडाच्या पायथ्यापर्यंत आम्ही फेरी मारून आलो. परतल्यावर दारात इंजिन चालू ठेवून त्यांनी कान दिला. "काका, बरी चालते ना?" "चालते," मी म्हणालो. "तुमच्या घरची गाडी, मग मी आणखी काय पाहायचं?" सत्तर हजारांवर सौदा ठरला. आठ दिवसांनी गाडी न्यावयाची होती.

मी बोललो ते खरेच होते. तथापि त्या रात्री युधिष्ठिराची आठवण झाली. भीमाने मारलेला हत्ती मालवराज इंद्रवर्म्याचा, म्हणजे पांडवांच्याच पक्षाचा. त्याचे नाव अश्वत्थामा होते, हेही खरे. म्हणजे धर्मराजाच्या वाक्यात शब्दशः खोटे फारसे नव्हते. जे होते ते हळू उच्चारलेल्या शब्दात होते. आणि व्यासांनी शिक्षा सांगितली ती वाहनाच्या भाषेत: आजवर भूमीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ त्या दिवशी जमिनीला टेकला. माझी गाडी मुळातच जमिनीवर होती, हा भाग वेगळा.

माझ्यातला वकील इतक्यात हार मानणारा नव्हता. नारदस्मृतीत आणि याज्ञवल्क्यस्मृतीत घेणाऱ्याला परीक्षेची मुदत दिलेली आहे: दुभत्या जनावराला तीन दिवस, वाहून नेणाऱ्या जनावराला पाच, लोखंडाला एक. मोटार वाहन मानावी की लोखंड, हा शास्त्र्यांनी वाद घालण्याजोगा विषय आहे. परंतु कोणत्याही हिशेबाने लेप मुदतीहून अधिक टिकणार होता. आजचा कायदाही वरवर माझ्याच बाजूचा. १८७२ च्या करार अधिनियमाच्या सतराव्या कलमाखाली एक दृष्टांत आहे. घोड्यात खोड आहे हे ठाऊक असून विकणारा लिलावात काहीच बोलला नाही, तर ती फसवणूक नव्हे. केवळ मौन म्हणजे कपट नव्हे. हे वाचून मी पुस्तक मिटणारच होतो. दुर्दैवाने पुढचे दृष्टांतही वाचले. विकत घेणारी आपलीच नुकती वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगण्याचे कर्तव्य उत्पन्न होते. आणि घेणारा म्हणाला की, "तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा निर्दोष असे मी समजेन," तर तेथे मौन हेच बोलणे ठरते. पेटीवाले गृहस्थ दुसरे काय म्हणाले होते? त्याच कलमात असेही आहे की, ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकणे ही फसवणूकच. मी नुसता गप्प राहिलो असतो तर कदाचित सुटलो असतो. पण मी काजळी चोळली होती.

येथे कोणी म्हणेल, लेप लावणे हे काय पाप आहे? मुळीच नाही. वराहमिहिराने बृहत्संहितेत वज्रलेपाची कृती दिली आहे: टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले इत्यादींचा काढा आटवून सिद्ध करावयाचा, आणि प्रासादांना व मूर्तींना लावावयाचा. पंढरपूरच्या मूर्तीस तर आपल्या डोळ्यांदेखत, एकाहून अधिक वेळा, लेप झाला; २०२० साली पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तो केला, आणि त्याची वार्ता वर्तमानपत्रांत छापून आली. भाविकाला मूर्तीची झीज ठाऊक असते आणि लेपही ठाऊक असतो. तरी त्याचे मस्तक तेथेच टेकते. तो लेप मूर्ती टिकावी म्हणून, सर्वांच्या देखत असतो. माझा लेप गाडीसाठी नव्हता. तो पेटीवाल्यांच्या कानासाठी होता. द्रव्य जवळजवळ एकच, जागा भेगेचीच. तरी दोन्ही कर्मांना एक नाव देणे मला जमेना. वडीलधाऱ्या मंडळींपैकी एकांनी माझी समजूत घातली की जुन्या मोटारीच्या व्यवहारात हे सारे गृहीतच असते. असेल. पण जे खरोखर गृहीत असते त्यावर काजळी फासावी लागत नाही.

मग मी गाडी घरीच उघडली. हाताखाली भाचा होता. पाहणे माझे आणि जोर त्याचा. इंजिन पूर्ण निवल्यावर बॅटरीची तार सोडली. हवेची गाळणी, कार्ब्युरेटर, रेसची दांडी, चोकची तार असे एकेक उतरवून ताटात ओळीने मांडले, कारण उतरविण्याचा क्रम विसरला की चढविताना एखादा वायसर हटकून उरतो. गंजलेल्या नटांना आदल्या दिवसापासून तेल पाजले होते. तरी एक स्टड तुटलाच, आणि मिस्त्रीला बोलावून तो काढण्यात दोन दिवस गेले. दोन्ही नळ्या जोडीनेच बाहेर येतात; मग त्या एकमेकींपासून सोडवावयाच्या. इंजिनाच्या उघड्या छिद्रांत फडक्याचे बोळे कोंबून जुने पॅकिंग खरवडले, नाहीतर त्याचा तुकडा आत जावयाचा. इंदूरच्या जुन्या बाजारातून आणविलेली नळी जाड काचेवर पॉलिशपेपर पसरून तिच्यावर घासली. पोलादी पट्टी उभी धरली तर खालून उजेड दिसू नये इतकी. नवे पॅकिंग घातले. नट मध्यापासून टोकांकडे, थोडे थोडे, आळीपाळीने आवळले. इंजिन एकदा तापून निवले की पुन्हा आवळले. सातव्या दिवशी संध्याकाळी गाडी दारात उभी होती आणि बॉनेटवर ठेवलेल्या पेल्यातले पाणी जेमतेम हलत होते.

आठव्या दिवशी पेटीवाले आले. मी जुनी नळी त्यांच्या हातात दिली, चीर दाखविली, लेपाचे सांगितले, काजळीचेही सांगितले. ते बराच वेळ नळी उलटसुलट करीत राहिले. मग म्हणाले, "काका, म्हणजे इंजिन उघडलेलं आहे." उघडलेल्या इंजिनाची किंमत बाजारात कमी होते, हे त्यांना कोणीतरी सांगितले होते. त्यांनी सहा हजार कमी केले. नळीचा आणि मिस्त्रीचा खर्च धरता माझे नुकसान त्याहून मोठे झाले. भाचा रागावला. सौदा मोडावा असे क्षणभर माझ्याही मनात आले. कारण खरे बोलल्याबद्दल निदान दंड तरी होऊ नये, अशी आशा मी कोठेतरी बाळगून होतो असे दिसते. चौसष्ट हजार घेतले.

गाडी वळणाआड गेल्यावर भाच्याने विचारले, "मामा, डिकीतल्या गालिच्याखालचं त्यांना सांगितलंत?" डिकीच्या तळाला गंजून पडलेले एक भोक फार वर्षांपूर्वी वडिलांनी पत्रा आणि डांबर लावून बुजविले होते. ते मी विसरलो होतो की जुन्या गाडीत हे चालावयाचेच असे मानून सोडून दिले होते, हे मला आज नक्की सांगता येत नाही. एकादशीला पेटीवाले भजनास येतील, तेव्हा बोलावयाचे ठरविले आहे.